पेन्सिलीची सही

१२ सप्टेंबर

चि. काडीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद.

म्हातारी गेली. गाडी म्हणते मी, उगाच घाबरू नकोस; माझ्या बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्या ठणठणीत आहेत. सोमवारी टेकडीच्या चढावर, मास्तरीणबाईंच्या घराच्या दोन वळणं अलीकडे, तिनं एक उसासा टाकला, खाली काळं तेल सोडलं आणि तिथंच बसली. मी मलमपट्टीची पेटी काखेत मारली आणि उरलेला चढ पायी गेले. मास्तरीणबाईंच्या टाचेची जखम आता नखाएवढी राहिली आहे. त्यांनी माझी अवस्था पाहून मलाच पाणी दिलं आणि खुर्चीवर बसवलं. गॅरेजवाल्यानं नंतर बोनेट उघडलं, बघितलं आणि हळूच बंद केलं. डॉक्टर असं करतात तेव्हा काय समजायचं, ते अडतीस वर्षं नर्स असलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या दवाखान्याचा नियम तुला माहीत आहे. घरोघरी जाऊन लोकांचे पाय बघणाऱ्या नर्सकडे स्वतःची गाडी हवी. मोठ्या बाईंनी ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर गाडी आली नाही तर मी नोंदणीच्या खिडकीत बसायचं आणि निवृत्त होईपर्यंत लोकांना आडनाव विचारायचं. माझी तेवीस माणसं आहेत, पंचेचाळीस पाय (गिरणीवाल्याचा एक गेला, तो मी यायच्या आधी). त्यांची नखं कोण कापणार, जखमा कोण धुणार? खिडकीतून पाय दिसत नाहीत. आणि दर दुसऱ्या रविवारी तुझ्याकडे यायचं तेही बंद पडेल. दोन बस बदलून ऐंशी किलोमीटर यायचं आणि तेवढंच परत जायचं, एवढं आता माझ्याच्यानं होत नाही.

तर मी विजेवरची गाडी बघून आले. छोटी आहे, पांढरी आहे, बसल्यावर गुडघे दुखत नाहीत. पेट्रोलचा खर्च वाचेल तो वेगळाच. पण किंमत ऐकल्यावर लगेच खाली उतरले. आता यातली मेख अशी, की अशी गाडी घेणाऱ्याला सरकार त्या वर्षाच्या करात मोठी सूट देतं म्हणे. ती करसवलत मिळाली तर हप्ता मला झेपतो. नाही मिळाली तर नाही झेपत. तुझे भावोजी गेल्यापासून एका पगाराचं अंथरूण केवढं आहे ते मला चांगलं माहीत आहे आणि पाय तेवढेच पसरायचे हेही.

विक्रेत्याला तीनदा विचारलं, की या गाडीला सवलत नक्की आहे ना. तिन्ही वेळा तो म्हणाला, की बहुतेक आहे. मी त्याचं नावच बहुतेकराव ठेवलंय. तू छापखान्यासाठी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधत बसतोस, तर जरा बहिणीसाठी सरकारचे नियम वाच. तुझ्याइतकं बारीक वाचणारं दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

जेवण वेळेवर कर. कपाटातला स्वेटर काढलास का? माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी,
ताई


१७ सप्टेंबर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून सध्या मनातल्या मनात वाकलो आहे असं समज.

म्हातारीबद्दल वाचून वाईट वाटलं. समोरच्या शिंप्याला सांगितलं तर तो शिवण थांबवून दोन मिनिटं बसून राहिला. त्याला वाईट वाटणारच. तुझी गाडी कोपऱ्यावर आली, की तिचा खडखडाट ऐकून तो खिडकीतून लाल कापड हलवायचा आणि मग मी दार उघडायचो. बारा वर्षं हीच आमच्या दाराची घंटा होती. मी ठार बहिरा, पण तू आल्याची बातमी मला सगळ्या गल्लीच्या आधी कळायची ती त्याच्यामुळे.

नियमांचं पुस्तक वाचनालयातून आणलं. बावन्न पानं आहेत. दोन ठिकाणी अक्षरं उलटी पडली आहेत आणि एक परिच्छेद दोनदा छापलाय, म्हणजे हे कोणी तपासलेलं नाही. तरी मी ते डोळ्यांत तेल घालून तीनदा वाचलं. तुझा पगार मर्यादेत बसतो. गाडीची किंमत बसते. सवलत फक्त भरायच्या करातून वजा होते, हातात रोख कोणी ठेवत नाही. पण तुझा कर तेवढा होतो, मी मागच्या वर्षीच्या कागदावरून पडताळून बघितलं. जेमतेम होतो, पण होतो.

घोडं पेंड खातंय ते बॅटरीपाशी. कुठल्या गाडीची बॅटरी कुठे बनली, यावरून सरकार पात्र गाड्यांची यादी काढतं आणि ती बदलत असते. तुझी पांढरी यादीत आहे, पण तिच्यापुढे चांदणी छापली आहे. चांदणी म्हणजे एक ऑक्टोबरच्या नव्या यादीतून ती वगळली जाणार. आता पान एकतीस म्हणतं, की खरेदीदारानं स्वतः सही करून तारीख घातलेला मागणीचा कागद तीस सप्टेंबरपर्यंत झालेला असेल, तर गाडी नंतर आली तरी जुनीच यादी लागू. पण पान एकोणीस म्हणतं, की गाडी ताब्यात घेतल्याचा दिवस धरायचा. एकाच पुस्तकात दोन तोंडं. मी कर कार्यालयाला पत्र टाकून विचारलंय, की यातलं खरं कोणतं. उत्तर आलं, की लगेच तुला लिहितो. तोवर कुठेही सही करू नकोस. पान एकोणीस खरं निघालं तर गाडीही गळ्यात पडेल आणि सवलतही जाईल.

स्वेटर काढला. खांद्यावर कसर लागली आहे, पण मला मिरवायचं कुठे आहे. तुझा हात डोक्यावर असाच राहो.

तुझा,
काडी (वजन चौऱ्याऐंशी किलो)


३० सप्टेंबर, संध्याकाळ

चि. काडीस,

आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग, कारण तुझं पत्र आलं नाही.

टपालवाल्याची वाट बघत दुपारपर्यंत पायरीवर बसले. आज महिन्याचा शेवटचा दिवस. सही केली आणि पान एकोणीस खरं निघालं तर मी बुडाले, सही केली नाही आणि पान एकतीस खरं निघालं तरी बुडालेच. शेवटी चार वाजता उठले आणि दुकान गाठलं.

तिथं नुसती झुंबड होती. यादी बदलणार ही बातमी सगळ्यांनाच लागली होती. बहुतेकरावाचे बूट एक माप लहान आहेत, तो दिवसभर चवड्यावर चालतो, मला बघवत नव्हतं. त्यानं कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे धावला. मी पर्समधून माझी पेन्सिल काढली आणि आप्पांच्या पद्धतीनं सही केली, खाली तारीख घातली. आज पेन्सिल, उद्या शाई. नकाशे काढणाऱ्या बापाची ही एकच शिकवण आपण दोघांनी मनापासून पाळली, नाही का? कागद त्यानं न बघताच शिक्का मारून ट्रेमध्ये टाकला.

म्हणजे बघ, आजच्या तारखेची सहीही झाली आणि तुझ्या पत्रासाठी जागाही राहिली. तू हो म्हणालास, की जाऊन शाई फिरवते. नाही म्हणालास तर खोडरबर आहेच. मला माझंच कौतुक वाटलं, येताना स्वतःला एक आइस्क्रीम घेऊन दिलं.

तिकडून जरा लवकर लिहीत जा. माया कमी झालेली नाही, फक्त रुसली आहे.

तुझी,
ताई


४ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार, घाईतला.

कर कार्यालयाचं उत्तर काल आलं. पान एकतीस खरं. पान एकोणीस म्हणे जुन्या आवृत्तीतून चुकून तसंच राहिलं. हे त्यांनी असं लिहिलंय जणू गंमतच आहे. म्हणजे तीस तारखेच्या आतली तुझी सही चालते, गाडी जुन्याच यादीत बसते. हे वाचून मी स्वतःसाठी चहा ठेवला आणि दुपारच्या टपालानं तुझं पत्र आलं.

पेन्सिल?

ताई, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. चहा आटून भांडं करपलं. अगं, नियमाच्या कागदावर माणूस पेन्सिलीनं सही करतो का? दुकानवाले मूळ कागद पाठवत नाहीत, यंत्रातून त्याची नक्कल काढून पाठवतात. आमच्या छापखान्यात मी पेन्सिलीनं केलेल्या खुणा त्या यंत्रात कधीच उमटत नाहीत. चार वर्षं भांडतोय मी त्यावरून. हे पत्र मिळताच दुकानात जा आणि तो कागद कुठे आहे, कोणाकडे गेलाय ते बघ. त्याला काही करू नकोस, नुसता बघ. आप्पांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. मला आत्ता हसू येत नाहीये, पुढे कधीतरी येईल.

तुझाच,
काडी


९ ऑक्टोबर

चि. काडीस,

आशीर्वाद. बाकी काही चांगलं लिहिण्यासारखं नाही.

तू म्हणालास तसंच झालं. नक्कल कर कार्यालयात गेली आणि परतही आली. सहीचा चौकोन कोरा आहे, सबब मागणी मुदतीत झाल्याचं दिसत नाही, सबब नवी यादी लागू, सबब सवलत नाही. एका ओळीत तीनदा सबब. मी दुकानात जाऊन मूळ कागद मागितला. माझी सही तिथं आहे रे, तारखेसकट, पुसट पण आहे.

बहुतेकराव मनानं वाईट नाही. त्यानं मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी आणून दिलं आणि हळूच एक कोरा कागद काढला. म्हणाला, की यावर शाईनं सही करा, तारीख तीसच घाला, आम्ही पुन्हा पाठवतो, सगळेच करतात, कोण बघतंय. मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. विचार करून सांगते म्हणून पाय काढता घेतला. गाडी वीस तारखेला येणार आहे. त्या दिवशी ताब्यात घेतली नाही तर ती दुसऱ्याला देतील, आणि नवीन मिळायला चार महिने लागतील. तोवर मी खिडकीत बसलेली असेन. काल मास्तरीणबाईंनी विचारलं, की नवीन गाडीतून कधी येणार. मी म्हटलं बहुतेक लवकरच. आता मीही बहुतेक म्हणायला लागले.

तू विचारशील, की एवढी शहाणी बाई अशा कागदावर पेन्सिल का टेकवते. आप्पांचं नाव पुढे करून मोकळी झाले, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच.

आयुष्यात एकच महत्त्वाची सही मी शाईनं, एका क्षणात, रात्र मध्ये न घालता केली. तुझ्या कानाच्या ऑपरेशनची. आई नव्हती, आप्पा डोंगरात मोजणीला गेलेले, तू चौदा वर्षांचा, तापानं फणफणलेला, आणि मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एकोणीस वर्षांची. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. तू शुद्धीवर आलास तो उजवा कान घालवूनच, आणि डावा पुढच्या दोन वर्षांत गेला. आप्पा दोन दिवसांनी आले. त्यांनी मला एवढंच विचारलं, की घाई केलीस का. बाकी एक शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा, ना पुढे कधी. मला वाटतं एक रात्र थांबले असते, दुसऱ्या डॉक्टरला विचारलं असतं, तर तुझे कान राहिले असते. त्या दिवसापासून मी साध्या वीजबिलावरही आधी पेन्सिलीनं सही करते.

झालं, लिहून टाकलं. आता तू सांग, त्या कोऱ्या कागदावर सही करू का? तू म्हणशील तसं करते.

रागावू नकोस. माया ठेव.

ताई


१२ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. या वेळी खरोखर वाकून, कंबर गेली उडत.

आधी कामाचं. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. त्यावरची तारीख खोटी असेल आणि तुझ्याच्यानं खोटं रेटवत नाही. लहानपणी तू आप्पांचा चष्मा फोडलास तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच रडायला लागली होतीस. खरी तारीख असलेला कागद तुझ्याकडे आहे, तो पुसट आहे एवढंच. मी पुस्तक चौथ्यांदा वाचलं. पान एकतीस म्हणतं, सही स्वतः केलेली हवी आणि तारीख घातलेली हवी. सही कशानं केलेली हवी हे बावन्न पानांत कुठेही नाही. दुकानातून तो मूळ कागद माग, पोचपावती लिहून दे आणि स्वतः कर कार्यालयात घेऊन जा. खिडकीपाशी उजेडात तिरका धरायला सांग, पेन्सिल चमकते. घडलं ते सगळं सरळ सांग. पेन्सिल का, हेही सांग. नियम काय ते ठरवू दे त्यांना, आपण लपवालपवी करायची नाही.

आणि सवलत नाहीच मिळाली तर निम्मा हप्ता माझा. तुझी गाडी निम्मी माझ्याकडे येण्यासाठीच असते. यावर वाद घालू नकोस, मला तसंही ऐकू येत नाही.

आता दुसरं. जगातला प्रत्येक माणूस माझ्या कानांवरून विनोद करतो, शिंपी करतो, छापखान्यातले करतात, मी स्वतः करतो. तू एकटी कधी करत नाहीस. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटायचं तुझा स्वभावच तसा. ही गोष्ट तू चाळीस वर्षं एकटीनं वाहिलीस आणि मी तुझ्या दर दुसऱ्या रविवारच्या जेवणावर ताव मारत राहिलो. माझी मलाच लाज वाटली.

आप्पा माझ्याशी कसे बोलायचे ते तुला आठवतं ना? कागदावर, पेन्सिलीनं लिहून. बोलणं झालं, की खोडून तोच कागद पुन्हा वापरायचे. कागद वाया घालवणं त्यांना जमलंच नाही. त्यामुळे त्यांचं माझ्याशी झालेलं सगळं बोलणं पुसलं गेलं. एक चिठ्ठी सोडून. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा माझ्याकडे पेन मागितलं. मला नवल वाटलं, पण दिलं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली होती ती केवळ त्यांची शाईतली एकमेव चिठ्ठी म्हणून. त्यातला मजकूर तुला कधीचा माहीत असणार, तू नर्स, डॉक्टरांनीच तुला तेव्हा सांगितलं असेल, असं मी धरून चाललो. आपल्या घरातली ही तऱ्हा. बारीकसारीक सगळं कागदावर, आणि बोलायचं तेवढं राहून जायचं.

चिठ्ठी सोबत ठेवली आहे. अक्षर कापरं आहे म्हणून इथंही उतरवतो. त्यांनी लिहिलंय, की डॉक्टर मला म्हणाले होते, पू मेंदूकडे चालला होता, सकाळपर्यंत थांबला असतात तर मुलगा हाती लागला नसता. पोरीनं घाई केली म्हणून तू आहेस. तिला मी हे कधी सांगितलं नाही. आल्या आल्या नको ते विचारून बसलो आणि मग माझी जीभच उचलेना. तू सांग.

मला त्यांनी सांगायला सांगितलं होतं, ताई, आणि मी आठ वर्षांनी सांगतोय. छापखान्यात एक ओळ गाळली तर माझे पैसे कापतात. ही गाळलेली ओळ आज भरतोय, जमलं तर माफ कर.

तुझ्या सहीमुळे असलेला,
काडी


२१ ऑक्टोबर

चि. काडीस,

आशीर्वाद, जितके आहेत तितके सगळे.

चिठ्ठी बसमध्ये वाचली. घरी जाऊन वाचायची ठरवली होती, पण दम धरवला नाही. मग रडले, चांगली हुंदके देऊन. शेजारच्या बाईंना वाटलं घरात कोणी गेलं. त्यांनी रुमाल दिला. मी त्यांना सांगितलं, की गेलं कोणी नाही, उलट माझा भाऊ आहे. त्या बिचाऱ्या पुढच्या थांब्यावर उतरून गेल्या. आप्पांवर रागही आला. एवढं मोठं ओझं त्यांना दोन शब्दांत उतरवता आलं असतं. पण त्या कापऱ्या अक्षरावर किती वेळ रागावणार? तू माफीबिफी मागू नकोस. आलेली चिठ्ठी महत्त्वाची.

दुकानातून मूळ कागद आधीच आणला होता, तो घेऊन त्याच बसनं मी कर कार्यालयात गेले. दुसरा मजला, खिडकी क्रमांक सहा. तिथल्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. सगळं सांगितलं. पेन्सिलीचं, आप्पांचं, कोऱ्या कागदाचंही सांगितलं, फक्त बहुतेकरावाचं नाव घेतलं नाही. त्यांनी मान वर न करता ऐकलं. मग कागद उजेडात तिरका धरला, चष्मा खाली घेतला आणि माझं नाव आणि तारीख मोठ्यांदा वाचली. माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात म्हणाल्या, की असा प्रकार त्यांच्या सव्वीस वर्षांत झालेला नाही, वरिष्ठांना विचारावं लागेल, तीन आठवड्यांत कळवू. मिळेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. निदान बहुतेक तरी म्हणाल्या नाहीत.

एक सांगते, हसू नकोस. त्यांनी काउंटरखाली एक चप्पल काढून ठेवली होती आणि तो पाय सारखा दुसऱ्या पायावर घासत होत्या. अंगठ्याचं नख आत वाढलंय, पैजेवर सांगते. माझ्या जिभेवर आलं होतं, की दोन मिनिटं द्या, बघते. पण निकाल लागायच्या आधी त्यांच्या पायाला हात लावला तर ती लाच झाली असती. मन आवरून परत आले. निकाल काहीही लागो, त्यानंतर मी जाणार आहे त्यांच्याकडे.

आणि काल वीस तारीख. बहुतेकरावानं पांढरी दारात आणून उभी केली. पाच कागद होते, पाच सह्या. सवलत मिळणार की नाही, हे त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, त्या बाईंनाही माहीत नाही. मी पर्स उघडली, पेन्सिल दिसली, आणि पर्स बंद केली. त्याच्याकडे पेन मागितलं. पाचही सह्या शाईनं केल्या, एका दमात, एक रात्रसुद्धा मध्ये न घालता.

निम्म्या हप्त्याचं म्हणालास ते लक्षात आहे. वाद घालत नाही. पण रविवारच्या जेवणात तू आणलेली फळं धरली जातील.

मास्तरीणबाईंकडे आज त्या गाडीतून गेले. चढ कधी संपला कळलं नाही. मोठ्या बाईंनाही गाडी दाखवून आले, त्यांनी नोंद करून घेतली. खिडकीचं संकट टळलं. आता नुसता सवलतीचा निकाल उरला.

माया आता वाढली आहे, सांभाळून ठेव.

तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

आधी परवाचा रविवार. तू कोपऱ्यावरून आलीस, दारात गाडी लावलीस आणि म्हणे दहा मिनिटं दार उघडायची वाट बघत उभी होतीस. शिंपी खिडकीत मान खाली घालून बाह्या जोडत होता, त्याला पत्ता नाही. शेजारचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. शेवटी तू मागच्या खिडकीतून आत डोकावलीस आणि माझ्या हातून शाईची दौत सांडता सांडता राहिली. तू गेल्यावर शिंपी माफी मागायला आला. खूप खजील झाला होता, माझ्या हातावर हात ठेवून कागदावर लिहिलं, की काहीच ऐकू आलं नाही. मी त्याला लिहून दिलं, की मनाला लावून घेऊ नकोस, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अख्ख्या गल्लीला माझ्याइतकंच ऐकू आलं. तो एवढा हसला, की टाचण्या तोंडातून पडल्या. तुलाही हसू आलं असेल तर मला कळव. आता तू माझ्या कानांवर एक विनोद करायचा आहेस, पुढच्या रविवारपर्यंत तयार ठेव. आणि पुढच्या वेळी कोपऱ्यावर भोंगा वाजव, त्याच्यासाठी.

तू निघताना टेबलावर बंद पाकीट ठेवलंस आणि सांगितलंस, की दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय, उघडायची हिंमत होत नाही, तू वाच, पण मी गेल्यावर. आजपर्यंत उघडलं नाही, कारण माझीही हिंमत होत नव्हती. शिंप्याकडून तुला फोन करवता आला असता, पण हे मला स्वतः सांगायचं होतं.

सवलत मंजूर झाली. पूर्ण. मी सात वेळा वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मूळ कागद पाहिला, सही व तारीख मुदतीतली आहे, मंजूर. मुदतीतली हा शब्द त्यांनी चुकीचा लिहिलाय, पण मी तो दुरुस्त करणार नाही. आणि खाली कोपऱ्यात, अधिकारी बाईंच्या हातची, एक बारीक ओळ आहे, की यापुढे कृपया शाई वापरावी. ती त्यांनी पेन्सिलीनं लिहिली आहे. पाकीट सोबत पाठवतोय, उजेडात तिरकं धर. आता खुशाल जाऊन त्यांचा अंगठा बघ.

आप्पांची चिठ्ठी तुझ्याकडेच राहू दे. ती होतीच तुझी.

हे पत्र मी आधी पेन्सिलीनं लिहिलं नाही, सरळ शाईनं लिहिलं. तीन ठिकाणी खोडलंय. चालवून घे.

तुझा,
काडी